आईवडिलांसाठी ऑनलाइन समुपदेशन : आधी बोलायच्या जागेचे पाहू

पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात राहणाऱ्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या स्वतः नोकरी करतात, यजमान हिंजवडीत आयटी कंपनीत आहेत आणि घरी आल्यावरही रात्री उशिरापर्यंत परदेशी कॉलवर असतात. मुलगा नववीत आहे, मुलगी पहिलीत आहे आणि सासूबाई सोबत राहतात. रोज संध्याकाळी मोबाइल आणि अभ्यासावरून मुलाशी खडाजंगी होते, आवाज चढतो आणि रात्री अपराधी वाटून झोप लागत नाही. ऑनलाइन समुपदेशनाने खरोखर फरक पडतो का, माणूस विश्वासाचा कसा ओळखायचा, नवरा तयार नसेल तर एकटीने सुरू करण्यात अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे. शेवटी जाता जाता त्यांनी लिहिले आहे, ‘आमचा टू बीएचके आहे, बोलायचे तरी कुठून?’

हा शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी घेतो, कारण माझ्या मते बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. पालकांसोबत मी आधी समोरासमोर काम करत असे आणि २०२० च्या टाळेबंदीपासून मोठ्या प्रमाणावर पडद्यावरून करू लागलो. ऑनलाइन समुपदेशन अर्ध्यावर सुटताना मी पाहिले आहे, ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. ज्यांच्याबद्दल बोलायचे ती माणसे भिंतीपलीकडे बसलेली असतात, त्यामुळे आई मोजूनमापून बोलते, सासूबाईंचा विषय निघाला की ‘तसे सगळे ठीक आहे’ म्हणून पुढे सरकते, आणि चार सत्रांनंतर तिला वाटते की यात काही दम नाही. समुपदेशन केंद्रात आल्यावर बंद दार आणि निवांतपणा ही आमची जबाबदारी असते. ऑनलाइन सत्रात ती जागा तुमच्या घरातून काढायची असते, आणि ती काढायला मदत करणे हा समुपदेशनाचाच पहिला भाग आहे. जो समुपदेशक पहिल्या भेटीत ‘आत्ता तुम्ही कुठे बसला आहात, घरात कोण कोण आहे, तुमचे बोलणे कुणाला ऐकू जाईल का’ असे विचारत नाही, त्याच्याविषयी मला शंका वाटते.

यावर लोकांनी शोधलेले मार्ग साधे आहेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसून बोलणाऱ्या आया आणि वडील मी कितीतरी पाहिले आहेत. गाडीत उजेड पुरेसा असतो, दार बंद असते आणि कुणी ‘काय करतेस’ म्हणून डोकावत नाही. कुणी दुपारच्या सुट्टीत कार्यालयातली लहान बैठकीची खोली मागून घेते, कुणी सासूबाई देवळात किंवा भजनाला गेल्या की तो तास राखून ठेवते, कुणी मैत्रिणीच्या घरी जाते. तळजाई टेकडीवर चालत चालत फक्त आवाजावर बोलणारेही आहेत. मात्र पहिली काही सत्रे चेहरा दिसेल अशी असावीत, असा माझा आग्रह असतो. हेडफोन लावलाच पाहिजे, कारण त्यामुळे घरातल्यांना फार तर तुमचे बोलणे ऐकू जाते, समोरचे प्रश्न ऐकू जात नाहीत. अगदीच अडचण असेल तर मी प्रश्नच असे विचारतो की उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एक ते दहामधला आकडा एवढेच असेल. कुणी अचानक खोलीत आले तर विषय बदलण्यासाठी एखादे निरुपद्रवी वाक्य आधी ठरवून ठेवतो, उदाहरणार्थ ‘कुरिअर आलंय वाटतं’. कंपनीने दिलेला लॅपटॉप या कामासाठी वापरू नका, कारण त्यावर काय चालते हे पाहण्याची सोय कंपनीकडे असू शकते. सत्राचे निरोप बंद पडद्यावरही दिसणार नाहीत अशी फोनची सेटिंग करून घ्या. मुलगा तुमचा फोन हाताळत असेल तर हे अधिकच गरजेचे आहे.

आता फरक पडतो का, याविषयी. प्रौढांच्या नैराश्य आणि चिंतेच्या तक्रारींवर व्हिडिओवरून केलेल्या मानसोपचाराची तुलना समोरासमोरच्या उपचाराशी करणारे बरेच संशोधन झाले आहे आणि एकंदरीत दोन्हींचे परिणाम जवळपास सारखे आढळले आहेत. पालकत्वाच्या प्रशिक्षणातही ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात उभ्या राहिलेल्या ‘ट्रिपल पी’सारख्या कार्यक्रमाच्या ऑनलाइन आवृत्त्या तपासल्या गेल्या आहेत आणि त्यांचा उपयोग दिसला आहे. मात्र कुणी माणूस सोबत नसलेले, आपले आपण पूर्ण करायचे मोबाइलवरचे कार्यक्रम लोक मध्येच सोडून देतात, हेही तितकेच खरे आहे. तुमच्यासारख्या घरात तर ऑनलाइन पद्धतीचा एक सरळ फायदा आहे. सिंहगड रस्त्यावरून संध्याकाळी डेक्कनला जाऊन यायचे म्हटले तर सत्र पाऊण तासाचे आणि प्रवास त्याहून मोठा. त्यात मुलीला कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न आलाच. ज्या आईला आधीच स्वतःसाठी वेळ नाही, तिला एवढा खटाटोप दर आठवड्याला जमत नाही.

गमावतो तेही सांगितले पाहिजे. पडद्यावर मला तुमचे हात आणि पाय दिसत नाहीत, समोरच्याने दारू घेतली आहे का हे कळत नाही, आणि बोलता बोलता कुणी गप्प झाले तर ते गलबलून आले म्हणून की नेटवर्क गेले म्हणून, हे क्षणभर समजत नाही. म्हणून ऑनलाइन सत्रात भावना शब्दांत सांगण्याची सवय थोडी जास्त लावून घ्यावी लागते. ‘आत्ता मला रडू येतंय, थोडं थांबूया’ एवढे वाक्य पुरते.

तुमच्या पत्रात मुलाचे वर्णन पंधरा ओळींचे आहे आणि तुमचे स्वतःचे दोन ओळींचे. बहुतेक पालक असेच लिहितात. पण मी सुचवत असलेले समुपदेशन तुमचे आहे, मुलाचे नाही. त्याला बोलायची इच्छा असेल तर त्याच्यासाठी दुसरा समुपदेशक असावा, म्हणजे आपण बोललेले आईला कळेल ही भीती त्याला राहणार नाही. मुलगी सहा-सात वर्षांची आहे. त्या वयाच्या मुलांना पडद्यासमोर बसवून बोलते करण्यात फारसा अर्थ नसतो. त्यांच्यासोबत खेळातून काम करावे लागते आणि ते प्रत्यक्ष भेटीतच चांगले होते.

सत्रात प्रत्यक्ष काय घडते याची कल्पना यावी म्हणून तुमच्यासारख्याच एका घरातला, ओळख पटणार नाही इतपत बदललेला प्रसंग सांगतो. मुलगा नववीतच, आजी घरात, आई साडेसातला कामावरून परतणारी. भांडण नेमके कुठे सुरू होते असे विचारले तेव्हा आई म्हणाली, ‘तो मोबाइल सोडत नाही तेव्हा.’ मी तिला आठवडाभर एकच नोंद ठेवायला सांगितली : घरात पाऊल टाकल्यावर मुलाला उद्देशून तोंडातून निघालेले पहिले वाक्य, जसेच्या तसे. पुढच्या सत्रात तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. ‘झाला का अभ्यास?’ ‘अजून मोबाइलच?’ ‘क्लासला गेला होतास ना?’ ‘आंघोळ तरी केलीस का?’ शनिवारचेही तेच, रविवारी फक्त वेळ वेगळी होती. मी त्यावर काहीच बोललो नाही. वही खाली ठेवून तीच म्हणाली, ‘मी दारातूनच तपासणी सुरू करते.’

मग आम्ही त्यापुढचा अर्धा तास उलगडला. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, मुलगा ‘पाच मिनिटं’ म्हणतो. ती पुन्हा हाक मारते, या वेळी आवाज चढलेला असतो. तो वैतागून उत्तर देतो. आजी मध्ये पडते, ‘अगं असू दे, दमलाय तो.’ आईचा राग आता दोघांवर आणि खरे तर न आलेल्या तिसऱ्यावर, म्हणजे नवऱ्यावर, असतो. ती फोन हिसकावते, तो दार आपटतो. कुकरची शिटी होते, धाकटी बहीण रडायला लागते आणि आई हात टेकून म्हणते, ‘कर काय करायचं ते.’ फोन परत मुलाच्या हातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अशा घरगुती संघर्षांचा बारकाईने अभ्यास करून दाखवून दिले की इथे दोघेही एकमेकांना शिकवत असतात. आपण पुरेसे भडकलो की आई सोडून देते, हे मुलाला समजते. ओरडले की निदान तो पाच मिनिटे तरी उठतो, किंवा सोडून दिले की घर शांत होते, हे आईला समजते. म्हणून रोज दोघांचाही पारा आदल्या दिवशीपेक्षा थोडा वर जातो. यात कुणी वाईट नसते. मुलाला ‘बिघडलेला’ आणि आईला ‘चिडकी’ ठरवून ही साखळी तुटत नाही. ती कुठल्या कडीशी तोडणे सोपे आहे, एवढेच पाहायचे असते.

त्या घरात आम्ही तीन बदल केले. आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे अभ्यास, मोबाइल आणि मार्क हे तिन्ही विषय बंद. आई आधी हातपाय धुऊन चहा घेणार. सूचना स्वयंपाकघरातून न देता मुलाच्या जवळ जाऊन, त्याच्या नजरेसमोर उभे राहून, एकदाच आणि एकाच वाक्यात द्यायची. ‘आठ वाजता फोन टीव्हीजवळच्या चार्जरवर लाव’ अशी सूचना पाळता येते, ‘जरा जबाबदारीने वाग’ ही पाळता येत नाही. तिसरा बदल आजीसाठी होता आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजीला ‘तुम्ही मध्ये पडू नका’ असे सांगितले असते तर ती दुखावली असती आणि अधिकच मध्ये पडली असती. त्याऐवजी आठ वाजता नातवाला जेवायला बसवण्याचे काम तिच्याकडे दिले, म्हणजे तिच्या मायेला वाट मिळाली आणि आईच्या शब्दालाही धक्का लागला नाही. पहिल्या आठवड्यात मुलगा आधीपेक्षा जास्त भडकला. तसे होणार हे आईला आधीच सांगून ठेवले होते, कारण जुना उपाय चालेनासा झाला की मूल तो आणखी जोर लावून वापरून पाहते. ती त्या आठवड्यात टिकली ती मंगळवारी सत्र आणि शुक्रवारी दहा मिनिटांचा फोन, या आधारावर. सारे काही गोड झाले असे मी म्हणणार नाही, पण रोजचे भांडण आठवड्यातून एकदोनदा होणाऱ्या भांडणावर आले आणि आईला झोप लागू लागली.

यजमान तयार नसले तरी सुरुवात करण्यात अर्थ आहे, हे या उदाहरणातून लक्षात आले असेल. त्या घरातले वडील पहिल्या सत्रांत कुठेच नव्हते. साखळीतला एक माणूस वेगळा वागू लागला की बाकीच्यांना जुने वागणे तसेच चालू ठेवणे अवघड होते. तरीही त्यांना बोलवायचे असेल तर ‘आपल्याला समुपदेशनाची गरज आहे’ या वाक्याने पुष्कळ नवरे बिथरतात, कारण त्यांना त्यात आरोप ऐकू येतो. ‘मुलाच्या वेळापत्रकाबद्दल एकाशी बोलते आहे, अर्धा तास तुम्हीही जोडले जा’ हे निमंत्रण खरेही आहे आणि पेलवणारेही. ऑनलाइनमुळे ते हिंजवडीतून आणि तुम्ही घरून, असे वेगवेगळ्या ठिकाणांहून एकत्र येऊ शकता. जोडप्यांसाठी मी बऱ्याचदा हेच पसंत करतो. एकाच फोनसमोर खांद्याला खांदा लावून बसलेले नवराबायको एकमेकांकडे पाहत नाहीत. दोन चौकटींत असले की बोलणाऱ्याचा पूर्ण चेहरा दुसऱ्याला समोर दिसतो, आणि कित्येक जण जोडीदाराचा थकवा तिथे पहिल्यांदा नीट पाहतात. मात्र घरात मारहाण, धमकी किंवा पैशांची कोंडी असेल तर संयुक्त सत्र घेऊ नये. तिथे बोललेल्या शब्दांची किंमत फोन बंद झाल्यावर मोजावी लागू शकते. अशा वेळी स्त्रीने एकटीने, सुरक्षित जागेवरून बोलावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण आणि १८१ ही महिला हेल्पलाइन तिच्यासाठी आहे, तातडीला ११२ आहे.

तुमच्या स्वतःविषयीच्या त्या दोन ओळींकडे परत येतो. झोप उडणे, चिडचिड, रात्रीचे रडू हे सारे ‘ताण’ या एका शब्दात घालून मोकळे होऊ नका. साधारण दोन आठवड्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस मन उदास असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य आहे का हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला हवे. त्याचबरोबर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ पाहून घ्या. तुमचे वय चाळिशीच्या आसपास असेल तर पाळीच्या बदलांबद्दलही विचारा. रक्तक्षयाने दमलेल्या बाईला आम्ही पालकत्वाचे धडे देत बसलो, तर तो तिच्यावर अन्याय होईल.

काही प्रसंगी ऑनलाइन समुपदेशनावर विसंबून राहू नये. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, विशेषतः ते कसे हे मनात ठरू लागले असेल. बाळंतपणानंतर आईला भास होत असतील किंवा बाळाविषयी विचित्र, भयंकर कल्पना येत असतील. घरात कुणी रोजची दारू एकाएकी थांबवून थरथरत, बरळत असेल. यांपैकी काहीही असले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ससून रुग्णालयात मनोविकृतीशास्त्र विभाग आहे, येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि व्यसनाच्या प्रश्नासाठी १९८६ पासून काम करणारे मुक्तांगणही येरवड्यातच आहे. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवे असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. ज्यांना खासगी समुपदेशनाची फी परवडत नाही त्यांनीही सुरुवात इथून करायला हरकत नाही. मुलांच्या संकटासाठी १०९८ आहे.

विश्वासाचा माणूस कसा ओळखायचा, हे सांगताना थोडा कायद्याचा तपशील द्यावा लागेल. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रातले पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका, तो तपासता येतो. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आजवर कुणीही लावू शकत आले आहे. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने या क्षेत्राला नियमांखाली आणण्याची तरतूद केली असली, तरी विचारपूस तुम्हालाच करावी लागेल. मानसशास्त्र किंवा समुपदेशनात पदव्युत्तर पदवी आहे का, पालक आणि किशोरवयीन मुलांसोबत काम केले आहे का, स्वतःचे काम एखाद्या वरिष्ठाकडून तपासून घेतात का, हे विचारा. या शेवटच्या प्रश्नावर जो रागावतो, त्याच्याकडे जाऊ नये. ‘तीन सत्रांत मूल बदलून दाखवतो’ असे आश्वासन देणाऱ्याकडे, किंवा वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडेही नको.

पहिल्या सत्राआधी लेखी संमतिपत्र यायला हवे. सत्राचा कालावधी (बहुधा पाऊण ते एक तास), फी, सत्र रद्द केल्यास काय, मध्येच कॉल तुटला तर कोण कुणाला फोन करणार, दोन सत्रांच्या मध्ये निरोप पाठवता येतील का, ध्वनिमुद्रण होणार नाही याची हमी, आणि संकटकाळी कळवायच्या एका व्यक्तीचे नाव व तुमचा पत्ता, इतके त्यात असावे. पत्ता मागितला म्हणून बिचकू नका. दूरच्या शहरात बसलेल्या समुपदेशकाला वेळ पडल्यास तुमच्यापर्यंत मदत पोहोचवायची तर तो लागतोच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांविषयीच्या माहितीची गोपनीयता हा तुमचा हक्क ठरवला आहे. तिला अपवाद आहेत, आणि प्रामाणिक समुपदेशक ते सुरुवातीलाच सांगतो : तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असणे, आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळणे. दुसऱ्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे. नवरा, सासू, शाळा किंवा फी भरणारा नातेवाईक यांपैकी कुणीही या अपवादांत बसत नाही.

सुरुवातीला आठवड्याला एक सत्र घ्या आणि सहा ते आठ सत्रांनंतर दोघांनी मिळून आढावा घ्या : संध्याकाळची भांडणे किती कमी झाली, झोप कशी आहे, ठरवलेल्यांपैकी काय जमले नाही. दोनतीन सत्रांतच असे वाटले की हा माणूस माझे ऐकत नाही, किंवा मला सारखे दोषी ठरवतो, तर तसे त्याला स्पष्ट सांगा. सांगूनही फरक पडला नाही तर समुपदेशक बदला आणि बदलताना आतापर्यंतच्या कामाचा थोडक्यात लेखी गोषवारा मागून घ्या, म्हणजे नव्या व्यक्तीसमोर सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही. तुमच्या बाबतीत पहिल्या सत्राची वेळ शनिवारी सकाळी घ्या, असे मी सुचवेन. मुलगा क्लासला गेलेला असेल आणि यजमान घरी असतील, तर मुलीला तासभर त्यांच्यावर सोपवा आणि तुम्ही खाली गाडीत जाऊन बसा.